ओसरणे आणि गळणे : लसीच्या क्षीण होत जाणाऱ्या संरक्षणाची मोजणी, कोलकात्यापासून मतलबपर्यंत

प्रस्तुत निबंधाचा विषय साहित्याच्या अभ्यासकाला प्रथमदर्शनी परका वाटेल. लसीने दिलेले संरक्षण काळानुसार किती आणि कशा रीतीने कमी होते, हे मोजण्याच्या संख्याशास्त्रीय पद्धतींचा इतिहास, असा तो विषय आहे. तो येथे घेण्याचे कारण एवढेच, की या मोजणीच्या मुळाशी तुलना आहे. ही तुलना काही वर्षे चालते आणि त्या वर्षांत तुलनेच्या दोन्ही बाजू बदलत राहतात. दोन वाङ्मयीन परंपरांची तुलना करणाऱ्याला ही अडचण अनुभवाने ठाऊक असते. संख्याशास्त्रज्ञांना तिचे नेमके रूप उमगायला सुमारे शंभर वर्षे लागली. त्या शंभर वर्षांतील एकच धागा, पटकीच्या लसीचा, येथे धरला आहे.

आरंभी शब्दांविषयी थोडे. मराठीत 'लस' हे मुळात एका द्रवाचे नाव आहे. फोडातून वा जखमेतून पाझरणारा द्राव म्हणजे लस. देवीचे टोचणे आले तेव्हा तोच शब्द त्या उपायाला लागला आणि पुढे द्रव बदलला तरी शब्द टिकला. संरक्षण कमी होण्याला मात्र मराठीत रूढ झालेला एक शब्द नाही. इंग्रजीतील रूढ शब्द चंद्राच्या कलांसाठीही वापरला जातो. आपल्याकडे क्षय, ऱ्हास, घट हे संस्कृतप्रचुर शब्द वापरले जातात. परंतु बोलभाषेतील दोन क्रियापदे या विषयाला अधिक उपयोगी आहेत. पूर ओसरतो, ताप ओसरतो. पाने गळतात. ओसरण्यात पाण्याची पातळी सगळीकडे सारखीच उतरते. गळण्यात एक पान पूर्णपणे जाते आणि शेजारचे पूर्णपणे हिरवे राहते. लसीचे संरक्षण शंभरांपैकी शंभर जणांत थोडे थोडे उतरते, की शंभरांपैकी काही जणांचे सबंध नाहीसे होते आणि उरलेल्यांचे अबाधित राहते? वर्षअखेरीस रुग्ण मोजणाऱ्याला दोन्ही प्रकारांत तीच संख्या मिळू शकते. कथानके दोन, पण नोंदवहीतील आकडा एक. या लेखातील जवळजवळ सगळा इतिहास या पेचाभोवती फिरतो.

संरक्षण कमी होते ही कल्पनाच आरंभी नव्हती. एडवर्ड जेन्नरने १७९८ मध्ये गोस्तनदेवीविषयीचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले, त्यातील दावा कायमच्या संरक्षणाचा होता. पुढील काही दशकांत टोचलेल्यांनाही देवी येऊ लागल्या, तेव्हा आधी दोष टोचणाऱ्याच्या हाताला किंवा द्रवाच्या शुद्धतेला दिला गेला. काळाला दोष देण्याची तयारी सावकाश झाली. जर्मन साम्राज्याने १८७४ च्या कायद्याने बाराव्या वर्षी पुन्हा टोचणे सक्तीचे केले. म्हणजे कायद्याने ऱ्हास मान्य केला, त्याचा वेग मात्र कोणी मोजला नव्हता. प्रस्तुत लेखकाच्या पिढीच्या दंडावर देवीचा वण अजून आहे. वण तेवढा कायम राहतो, त्यामागचे संरक्षण नाही, ही विसंगती त्या काळच्या लोकांना चांगलीच फसवून गेली असणार.

पटकीची गोष्ट वेगळी झाली, कारण तेथे काळाचा प्रश्न पहिल्या दिवसापासून विचारला गेला. तो विचारणारा माणूस म्हणजे वाल्देमार हाफकिन. १८६० मध्ये ओदेसा येथे जन्मलेला हा ज्यू शास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करीत होता. जुलै १८९२ मध्ये त्याने पटकीची लस स्वतःला टोचून घेतली आणि १८९३ मध्ये तो भारतात आला. मराठी वाचकाला त्याचे नाव परळच्या संस्थेमुळे ठाऊक असते. ती संस्था प्लेगच्या साथीतून उभी राहिली आणि तिला त्याचे नाव १९२५ मध्ये मिळाले. पण प्लेगच्या आधी, १८९४ पासून, तो कोलकात्याच्या बस्त्यांमधून पटकीची लस टोचत हिंडत होता. शहराचे आरोग्य अधिकारी डब्ल्यू. जे. सिम्पसन यांचा त्याला पाठिंबा होता. मार्च १८९४ च्या अखेरीस काटाल बागान या बस्तीत पटकी उद्भवली. बस्तीत सुमारे दोनशे माणसे होती. त्यांपैकी ११६ जणांनी टोचून घेतले. त्यानंतर तेथे जे रुग्ण झाले ते न टोचलेल्यांतून झाले.

ही घटना हाफकिनच्या चरित्रांत विजयकथा म्हणून येते. त्याच्या पुढच्या कामाचे मोल मला त्याहून अधिक वाटते. त्याने कोलकात्यात ज्या घरांत पटकी शिरली अशीच घरे निवडली आणि एकाच घरातील टोचलेली व न टोचलेली माणसे यांची तुलना केली. एका घरातील माणसे एकच पाणी पितात, एकाच अंगणात वावरतात; म्हणून शेजारच्या गल्लीशी केलेल्या तुलनेपेक्षा ही तुलना अधिक न्याय्य. शिवाय त्याने प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत टोचल्यापासून किती दिवस लोटले, हे लिहून ठेवले. त्यावरून त्याने काळाचे तीन खंड पाडले : पहिले चारेक दिवस, ज्यांत संरक्षण जेमतेम, पाचव्या दिवसापासून सुमारे चौदा महिने, ज्यांत ते स्पष्ट, आणि त्यानंतरचा काळ, ज्यात ते क्षीण. लसीच्या इतिहासातील ही फार आधीची आणि फार प्रामाणिक कालगणना म्हणावी लागेल. आपल्या लसीचा प्रचार करणाऱ्या माणसाने तिचा तिसरा खंडही छापावा, याला धैर्य लागते.

परंतु हाफकिनच्या तुलनेत एक फट होती. टोचून घेणे ऐच्छिक होते. घरातील कोण पुढे आले आणि कोण मागे राहिले? जे पुढे आले ते अधिक सुदृढ होते काय? जे मागे राहिले त्यांत अगदी लहान मुले आणि जर्जर म्हातारी किती होती? बंगालमध्ये पटकीची देवता ओलाबीबी, आपल्याकडे मरीआई. मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडण्याचा विधी साथ आली की पुन्हा करावा लागे. एकदाच करून जन्मभर निर्धास्त होण्याचे आश्वासन त्यात नव्हते. (ऱ्हासाची जाण लोकाचाराला होती असे म्हणण्याचा मोह येथे होतो, तो आवरलेला बरा.) सांगायचे ते इतकेच, की सुई आणि विधी यांपैकी काय निवडायचे हे घरागणिक, माणसागणिक वेगळे होते आणि ही निवड आकड्यांत शिरली होती.

या फटीवर बोट ठेवण्याचे काम इंग्लंडमध्ये झाले. १९०४ मध्ये कार्ल पिअर्सन यांनी विषमज्वराच्या लसीचे लष्करी आकडे तपासून त्यांच्या पुराव्याविषयी शंका घेतली आणि लसीचे कर्ते ॲमरॉथ राइट यांच्याशी त्यांचा वाद झाला. तो वाद आज बराचसा व्यक्तिगत वाटतो. १९१५ मध्ये मेजर ग्रीनवुड ('मेजर' हे त्यांचे नाव, हुद्दा नव्हे) आणि उडनी यूल यांनी विषमज्वर व पटकी यांच्या लसींच्या आकडेवारीवर लिहिलेला दीर्घ निबंध मात्र टिकला. तुलना ग्राह्य ठरण्यासाठी त्यांनी तीन अटी घातल्या. दोन्ही गटांतील माणसे सर्व महत्त्वाच्या बाबतींत सारखी असावीत. दोन्ही गटांचा रोगाशी येणारा संपर्क सारखा असावा. आणि कोणाला टोचले व कोणाला रोग झाला, या दोन निर्णयांचे निकष परस्परांपासून स्वतंत्र असावेत. तौलनिक साहित्याच्या वर्गात या अटी फळ्यावर लिहाव्यात असे मला अनेकदा वाटले आहे. प्रभावाच्या शोधात निघालेले आपण यांतील तिसरी अट तर सर्रास मोडतो : ज्या लेखकावर प्रभाव असणार असे आधी ठरवलेले असते, त्याच्याच लेखनात तो आपल्याला सापडतो.

त्याच निबंधातील एक तक्ता पुढे संख्याशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिला. पटकीची लस टोचलेले २७९. त्यांपैकी आजारी पडले ३. न टोचलेले ५३९. त्यांपैकी आजारी पडले ६६. पहिल्या गटात शेकडा एकाहून किंचित अधिक, दुसऱ्यात शेकडा बाराहून अधिक. या दोन प्रमाणांचा भागाकार एकातून वजा केला की लसीची परिणामकारकता मिळते; येथे ती सुमारे ९१ टक्के येते. हे सूत्र आजही सर्वत्र वापरले जाते आणि त्याचे मूळ सामान्यतः याच निबंधात शोधले जाते. तक्ता सुबक आहे. त्याला फक्त घड्याळ नाही. हे ९१ टक्के कोणत्या दिवसाचे? टोचल्यानंतरच्या महिन्याचे, की वर्षाचे? चार घरांच्या तक्त्यात सगळा काळ एका क्षणात गोळा होतो. हाफकिनकडे घड्याळ होते पण तुलना सैल होती. ग्रीनवुड आणि यूल यांच्याकडे तुलनेचे कडक नियम होते पण तक्ता स्तब्ध होता. या दोन गोष्टी एकत्र येण्यास आणखी सत्तर वर्षे जावी लागली.

मधल्या काळात प्रशासनाने आपल्या सोयीने घड्याळ बसवले. पंढरपूरच्या यात्रेशी पटकीचा संबंध एकोणिसाव्या शतकापासून जोडला जात होता. विसाव्या शतकात यात्रेकरूंना टोचून घेणे सक्तीचे झाले. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी पटकीच्या लसीचा दाखला लागे आणि १९५१ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार त्याची मुदत सहा महिने असे. एकशेऐंशीव्या दिवशी सुरक्षित आणि पुढच्याच आठवड्यात असुरक्षित, असा माणूस फक्त कागदावर अस्तित्वात असतो. उतारावर कोठेतरी रेघ मारावी लागते हे खरे. पण उताराचा आकार न मोजता मारलेली ती रेघ होती. १९६० च्या दशकात फिलिपाइन्स, कोलकाता आणि तेव्हाचे पूर्व पाकिस्तान येथे रीतसर क्षेत्रीय चाचण्या झाल्या, तेव्हा टोचण्याच्या लसीचे संरक्षण निम्म्याच्या आसपास आणि तेही तीन ते सहा महिन्यांचेच आढळले. हाफकिनचे चौदा महिने कोठे गेले? त्याची लस जिवंत जंतूंची होती, नंतरच्या लसी मारलेल्या जंतूंच्या. त्याचे लोक स्वेच्छेने आलेले, येथे चिठ्ठ्या टाकून निवडलेले. तेव्हा दोन्ही आकडे शेजारी ठेवून एकाला खोटे ठरवणे योग्य नाही. १९७३ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने दाखल्याची अट काढून टाकली.

यानंतरचे मुख्य प्रकरण बांगलादेशातील मतलब येथे घडते. (हे चांदपूर जिल्ह्यातील स्थलनाम आहे, मराठी वाचकाने त्यात अर्थ शोधू नये.) नद्या-खाड्यांच्या या प्रदेशात १९६० च्या दशकापासून घरोघरचे जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची सतत नोंद ठेवली जात होती. रुग्ण नावेतून उपचारकेंद्रात येत आणि त्यांची गाठ नोंदवहीतील नावाशी घातली जाई. कोण आजारी पडले एवढेच नव्हे, तर त्या दिवशी आजारी पडू शकणारे किती जण गावात उरले होते, हेही येथे सांगता येत होते. १९८५ मध्ये येथे तोंडाने घेण्याच्या दोन लसींची चाचणी झाली. एकीत मारलेले संपूर्ण जंतू आणि पटकीच्या विषाचा एक निरुपद्रवी घटक. दुसरीत केवळ मारलेले जंतू. तिसऱ्या गटाला लस नसलेले, तसेच दिसणारे द्रव्य देण्यात आले. दोन ते पंधरा वर्षांची मुले आणि त्यावरील वयाच्या स्त्रिया यांना ते चिठ्ठीने मिळाले. तिन्ही मात्रा घेणारे ६२,२८५ जण होते.

पहिल्या सहा महिन्यांत पहिल्या लसीची परिणामकारकता ८५ टक्के आणि दुसरीची ५८ टक्के आली. तीन वर्षांच्या एकूण हिशोबात ते आकडे अनुक्रमे ५० आणि ५२ झाले. आरंभी मागे असलेली लस अखेरीस बरोबरीला आली, याचा अर्थ पहिलीचे संरक्षण मध्येच कोठेतरी झपाट्याने उतरले असले पाहिजे. वयाचा भेद तर अधिक बोलका होता. पाच वर्षांवरील व्यक्तींत तीन वर्षांचे संरक्षण ६३ आणि ६८ टक्के. दोन ते पाच वर्षांच्या मुलांत अवघे २६ आणि २३. पटकीने ज्यांना सर्वाधिक धोका, त्यांच्याच बाबतीत लस लवकर हात सोडत होती.

येथे आपल्या दोन क्रियापदांकडे परत यावे लागते. १९८४ मध्ये पीटर स्मिथ, लॉरा रॉड्रिग्ज आणि पॉल फाइन यांनी लसीच्या क्रियेची दोन प्रतिमाने स्पष्टपणे वेगळी केली. एका प्रतिमानात लस प्रत्येकाची जोखीम सारख्याच प्रमाणात कमी करते. दुसऱ्यात ती काहींना पूर्ण संरक्षण देते आणि बाकीच्यांना काहीच नाही. हा फरक केवळ तात्त्विक नाही, हे एका काल्पनिक हिशोबाने दाखवता येते. न टोचलेले १६०० लोक घ्या. दरवर्षी त्यांतील अद्याप न लागण झालेल्यांपैकी निम्म्यांना लागण होते आणि एकदा लागण झालेल्याला पुन्हा होत नाही. पहिल्या वर्षी ८०० रुग्ण, दुसऱ्या वर्षी ४००, तिसऱ्या वर्षी २००. आता टोचलेले १६०० घ्या आणि लसीने प्रत्येकाची जोखीम अर्ध्यावर आणली असे माना. पहिल्या वर्षी ४००. उरले १२००, त्यांचा चौथा हिस्सा ३००. उरले ९००, त्यांतून २२५. पहिल्या वर्षाची परिणामकारकता ५० टक्के. दुसऱ्या वर्षी ४०० विरुद्ध ३००, म्हणजे २५ टक्के. तिसऱ्या वर्षी २०० विरुद्ध २२५ : लस घेतलेलेच अधिक आजारी! वर्तमानपत्राने मथळा द्यावा असा निष्कर्ष. आणि तो साफ खोटा. लसीचे बळ तिन्ही वर्षे तसूभरही कमी झालेले नाही. बदलला तो दुसरा गट. न टोचलेल्यांतील लागण होण्याजोगी माणसे आधीच संपत गेली आणि जे उरले ते आजारातून उठून स्वतःच सुरक्षित झाले. दुसरे प्रतिमान घेतले, म्हणजे ८०० जण पूर्ण सुरक्षित आणि ८०० जण न टोचल्यासारखेच, तर रुग्णसंख्या ४००, २००, १०० अशी येते आणि परिणामकारकता तिन्ही वर्षे ५० टक्केच राहते. पहिल्या वर्षाचा तक्ता दोन्हीकडे तंतोतंत एक होता.

नावेत बसलेल्याला किनारा मागे जाताना दिसतो, तसे हे आहे. ओसरणे आणि गळणे यांखेरीज तिसरी शक्यता अशी निघाली, की काहीच ओसरत नाही, गळत नाही. सरकते ती केवळ तुलनेची जमीन. ज्यांना लागण होऊन गेली त्यांना हिशोबातून वगळले तर हा भास टळतो, पण पटकीत ते सहज शक्य नाही. लागण झालेल्या अनेकांना लक्षणेच नसतात. ते नावेतून उपचारकेंद्रात येत नाहीत आणि नोंदवहीला कळण्याआधीच सुरक्षित झालेले असतात.

मतलबच्या आकड्यांना घड्याळ बसवणारी पद्धत दोन टप्प्यांत तयार झाली होती. डेव्हिड कॉक्स यांनी १९७२ मध्ये असा मार्ग दाखवला, की कालावधीची सरासरी काढण्याऐवजी जेव्हा जेव्हा एखादा रुग्ण होतो त्या त्या क्षणी थांबावे, त्या क्षणी जोखमीत असलेल्या सर्वांकडे पाहावे आणि विचारावे : यांपैकी कोणीतरी एक आज आजारी पडणार हे धरले, तर तो टोचलेला असण्याची शक्यता किती? या पद्धतीत साथ केव्हा चढली आणि केव्हा उतरली याचा त्रास होत नाही, कारण प्रत्येक क्षणाची तुलना त्याच क्षणापुरती असते. १९८२ मध्ये डेव्हिड शोनफेल्ड यांनी प्रत्येक रुग्णाच्या वेळी अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांत पडणाऱ्या अंतराकडे, अवशेषांकडे, लक्ष वेधले. लसीचे बळ स्थिर असेल तर हे अवशेष शून्याच्या दोन्ही बाजूंना विखुरतात. बळ घटत असेल तर काळ जाईल तसे ते एका बाजूला झुकू लागतात : अपेक्षेपेक्षा अधिक टोचलेली माणसे रुग्णांत दिसू लागतात. १९९८ मध्ये डरहॅम, लाँजिनी, हॅलोरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मतलबच्या चाचणीचे अवशेष घेऊन त्यांमधून एक मऊ रेषा काढली. उताराचा आकार आधी ठरवून न टाकता तो आकड्यांनाच काढू देणे, हे या पद्धतीचे मर्म. सहा महिन्यांच्या सरकारी रेघेनंतर प्रथमच पटकीच्या लसीला वक्र मिळाला. तिसरी शक्यता मात्र या पद्धतीनेही पूर्णपणे पुसली जात नाही. न दिसणाऱ्या लागणीचा हिशोब बाहेरून, गृहीतके मांडूनच करावा लागतो, आणि गृहीतक मांडणे म्हणजे दोन कथानकांपैकी एक निवडणेच होय.

आणखी एक फट २००५ मध्ये उघड झाली. मोहम्मद अली आणि सहकाऱ्यांनी मतलबच्याच जुन्या नोंदी पुन्हा चाळल्या आणि वस्त्यांची विभागणी तेथील किती लोकांनी लस घेतली यावरून केली. जेथे सर्वांत कमी लोकांनी लस घेतली होती, तेथे लस न मिळालेल्या गटात हजारी ७.०१ रुग्ण, जेथे सर्वांत अधिक लोकांनी घेतली, तेथे त्याच गटात हजारी १.४७. शेजाऱ्याची लस न टोचलेल्यालाही वाचवत होती. न्याय्य वाटणारी शेजारच्या शेजारी केलेली तुलना लसीला तिच्या योग्यतेपेक्षा कमी गुण देत होती. एकाच घरातील माणसांची तुलना हा हाफकिनचा अभिमानाचा मुद्दा होता. एकशेदहा वर्षांनी त्याची दुसरी बाजू दिसली.

म्हणूनच २००६ मध्ये कोलकात्याच्या बस्त्यांत पुन्हा चाचणी झाली तेव्हा चिठ्ठी माणसाच्या नावाने न टाकता निवासाच्या नावाने टाकली गेली. एका निवासातील सर्वांना लस, किंवा सर्वांना लस नसलेले द्रव्य. सुमारे ६७ हजार लोक तीत होते. मारलेल्या जंतूंच्या सुधारित लसीचे संरक्षण पाच वर्षांच्या हिशोबात ६५ टक्के आले आणि वर्षागणिक उतरताना दिसले नाही. ज्या शहरात ऱ्हासाची पहिली कालगणना झाली तेथेच, पाच वर्षांपुरता का होईना, न ओसरणारा आकडा मिळाला. लहान मुलांचा आकडा येथेही खाली होता : पाच वर्षांखालील वयात लस घेतलेल्यांत ४२ टक्के. एका वर्षाच्या वयात लस घेतलेले मूल चाचणी संपताना सहा वर्षांचे होते आणि न घेतलेले त्याच्या जोडीचे मूलही सहा वर्षांचे. त्या अवधीत बस्तीच्या पाण्याने दोघांनाही काही ना काही शिकवलेले असते. तेव्हा ४२ हा लसीचा आकडा किती आणि बस्तीचा किती, हे वेगळे काढणे सोपे नाही.

हा प्रश्न अभ्यासिकेतला राहिलेला नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये साथी वाढल्या आणि साठा अपुरा पडला, तेव्हा जागतिक राखीव साठ्याचे नियंत्रण करणाऱ्या समन्वय गटाने दोन मात्रांची पद्धत तात्पुरती स्थगित करून एकच मात्रा देण्याचे ठरवले, म्हणजे त्याच साठ्यात दुप्पट लोकांपर्यंत पोहोचता येईल. एका मात्रेचे संरक्षण किती काळ टिकते याविषयी हाताशी असलेला महत्त्वाचा पुरावा २०१४ मध्ये ढाक्यात सुरू झालेल्या चाचणीचा होता. मोठ्या माणसांत ते दोन वर्षांपर्यंत आढळले होते. पाच वर्षांखालील मुलांत ते सिद्ध झाले नव्हते.